निरोगी वाहक: आजारी नसलेल्या माणसाला किती रोखायचं?

टायफॉइडचा ताप उतरतो, तोंडाला चव येते, महिन्याभरात माणूस कामाला लागतो. घरच्यांच्या लेखी तो बरा झालेला असतो. तरीही अशा दर शंभर रुग्णांपैकी साधारण दोन ते पाच जणांच्या शरीरात जंतू वर्ष उलटल्यावरही टिकून असतात आणि शौचावाटे बाहेर पडत राहतात. या लोकांना ताप नसतो, पोटदुखी नसते, अशक्तपणाही नसतो. वैद्यकशास्त्र त्यांना जुनाट वाहक म्हणतं. यातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना आपल्याला कधी टायफॉइड झाला होता हेसुद्धा आठवत नाही, कारण मूळ आजार इतका सौम्य असतो की चार दिवसांची कणकण म्हणून तो विसरला जातो.

अशा माणसाने कोणताही गुन्हा केलेला नाही. तो आजारीही नाही. पण त्याच्या हातचं खाऊन दुसरा कोणी मरू शकतो. मग सरकारने त्याला काय करायला लावावं? तपासणीची सक्ती करावी? नोकरी सोडायला लावावी? कोंडून ठेवावं? गेली सव्वाशे वर्षं न्यायालयं आणि आरोग्यखाती या प्रश्नाशी झुंजत आहेत. त्यातून हाती आलेलं उत्तर आम्हाला पटतं, ते असं: बंधन माणसावर घालायचं नसतं, जंतू ज्या वाटेने दुसऱ्यापर्यंत जातो त्या वाटेवर घालायचं असतं. आणि त्या बंधनामुळे माणसाची रोजीरोटी जात असेल, तर तो खर्च ज्यांचं रक्षण होतं आहे त्या समाजाने उचलायचा असतो. हे कसं ते कळण्यासाठी आधी जंतूची वाट नीट पाहावी लागते.

जंतू लपतो कुठे

टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, फक्त माणसात राहतो. गाईगुरांत किंवा कोंबड्यांत त्याचं घर नाही. म्हणजे टायफॉइडच्या प्रत्येक नव्या रुग्णामागे कुठे ना कुठे एक माणूस असतोच, आजारी तरी किंवा वाहक तरी.

दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जंतू लहान आतड्यात पोचतो, आतड्याच्या भिंतीतल्या लसिकाग्रंथींमधून रक्तात शिरतो, आणि तिथून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत पसरतो. यकृतात पोचल्यावर पित्ताबरोबर तो पित्ताशयात उतरतो. पित्तात बहुतेक जंतू मरतात, पण हा पित्त सहन करतो. पित्ताशयात खडे असतील तर त्याचं फावतंच. खड्यांच्या पृष्ठभागावर जंतू एकमेकांना चिकटून एक बुळबुळीत थर तयार करतात, पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला शेवाळ धरतं तसा. या थरात औषध नीट पोचत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशींनाही आत शिरता येत नाही. थरातून अधूनमधून जंतू सुटतात, पित्ताबरोबर आतड्यात येतात आणि शौचातून बाहेर पडतात. पित्तखडे स्त्रियांमध्ये आणि उतारवयात जास्त आढळतात. जुनाट वाहकांमध्येही त्यांचंच प्रमाण जास्त दिसतं.

यातली ‘अधूनमधून’ ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वाहक रोज सारखे जंतू टाकत नाही. काही आठवडे भरपूर, मग काही आठवडे जवळजवळ काहीच नाही, असं चालतं. पुढे न्यायालयात आणि प्रयोगशाळेत जे घोळ झाले, त्यातले बरेचसे याच गोष्टीमुळे झाले.

दुसरी गोष्ट मात्रेची. 1960 च्या दशकात अमेरिकेत मेरीलँड इथे स्वयंसेवकांना मोजून जंतू देऊन प्रयोग झाले. एक हजार जंतू दिलेल्यांपैकी कोणीच आजारी पडलं नाही, एक लाख दिलेल्यांपैकी सुमारे 28 टक्के पडले, एक कोटी दिलेल्यांपैकी निम्मे. वाहकाच्या न धुतलेल्या बोटांवरून अन्नात जाणारे जंतू सुरुवातीला थोडेच असू शकतात. पण अन्न शिजलेलं नसेल, किंवा शिजल्यावर हाताने हाताळून कोमट जागी काही तास ठेवलं असेल, तर त्यात ते झपाट्याने वाढतात. उलट उकळतं, वाफाळतं अन्न लगेच वाढलं तर त्यातून धोका जवळजवळ नसतो. त्यामुळे एकच वाहक एका घरात वर्षानुवर्षं कोणालाही आजारी न पाडता राहू शकतो आणि दुसऱ्या घरात महिन्याभरात सहा जणांना अंथरुणाला खिळवू शकतो.

शिवाय जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. तोवर काय खाल्लं होतं आणि कोणी वाढलं होतं, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

न्यूयॉर्कची स्वयंपाकीण

1906 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या ऑयस्टर बे इथे एका बँकरने सुट्टीसाठी घर भाड्याने घेतलं होतं. घरात नोकरचाकर धरून अकरा माणसं. त्यातल्या सहा जणांना टायफॉइड झाला. घरमालकाला धास्ती पडली की आता हे घर कोणी भाड्याने घेणार नाही. त्याने जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याला कारण शोधायला लावलं. पाणी, दूध, सांडपाणी, सगळं तपासून निर्दोष निघालं. मग सोपरच्या लक्षात आलं की साथ सुरू होण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि साथीनंतर ती निघून गेली होती. तिचं नाव मेरी मॅलन, जन्म 1869 चा, उत्तर आयर्लंडमधल्या कुक्सटाउनचा.

सोपरने तिच्या आधीच्या नोकऱ्या शोधून काढल्या. 1900 पासूनच्या आठ कुटुंबांपैकी सात कुटुंबांत टायफॉइड झाला होता. शिजवलेल्या पदार्थांतून जंतू जाणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने कच्च्या पदार्थाचा माग काढला. ताजे पीच चिरून घातलेलं आइसक्रीम ही मेरीची खासियत होती. वर लिहिलेल्या मात्रेच्या हिशेबात ते नेमकं बसतं: न शिजलेलं फळ, हाताने चिरलेलं, आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत.

वाहक निरोगी असू शकतो ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी ती 1902 च्या सुमारास मांडली होती, म्हणजे डॉक्टरमंडळींनासुद्धा ती अंगवळणी पडलेली नव्हती. अशा काळात, मार्च 1907 मध्ये, एक अनोळखी पुरुष मेरी काम करत असलेल्या स्वयंपाकघरात शिरला आणि तू लोकांना आजारी पाडतेस, तुझ्या रक्ताचे, लघवीचे आणि शौचाचे नमुने दे, असं म्हणाला. सोपरनेच लिहून ठेवलं आहे की ती मांस कापताना वापरायचा मोठा काटा उगारून त्याच्या अंगावर आली. आपण आयुष्यात कधी आजारी पडलेलो नाही, हे तिचं म्हणणं तिच्या बाजूने पूर्ण प्रामाणिक होतं. पुढे आरोग्यखात्याने डॉ. सारा जोसेफिन बेकर यांना पोलिसांसह पाठवलं. कित्येक तासांच्या शोधानंतर ती सापडली आणि तिला रुग्णालयात नेलं गेलं. नमुन्यात जंतू भरपूर होते. तिची रवानगी ईस्ट नदीतल्या नॉर्थ ब्रदर बेटावर झाली.

इथे खात्याची पहिली मोठी चूक दिसते. तिला कोणी नीट समजावलंच नाही. जंतू अंगात असणं हा तिचा दोष नाही, कोणत्या कामात धोका आहे आणि कोणत्यात नाही, हे तिला कोणी सांगितलं नाही. पित्ताशय काढून टाकायचा सल्ला मात्र तिला मिळाला. त्या काळात पोटाची शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकत होती आणि पित्ताशय काढूनही जंतू जातील याची हमी नव्हती. तिने नकार दिला. कोणत्याही निरोगी माणसाने दिला असता.

कायद्यात ती बसत होती का

खात्याने तिला ज्या अधिकाराखाली धरलं, तो न्यूयॉर्क शहराच्या सनदेतल्या कलम 1169 आणि 1170 चा होता. संसर्गजन्य आजाराने आजारी असलेल्या व्यक्तीला योग्य ठिकाणी हलवण्याची मुभा त्यात होती. ही कलमं देवी, पटकी यांसारख्या रोगांचे रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली होती. त्यांत सुनावणी नव्हती, मुदत नव्हती, अपिलाची सोय नव्हती. देवीच्या रुग्णाला त्याने फारसा फरक पडत नसे, कारण तो काही आठवड्यांत बरा तरी होई किंवा मरे. वाहकपण मात्र आयुष्यभर टिकू शकतं. आठवड्यांसाठी लिहिलेला अधिकार असा आयुष्यभरासाठी वापरला गेला.

1909 मध्ये मेरीने बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कोंडून ठेवणं बेकायदा आहे म्हणून सुटका मागणारी, याचिका केली. दोन्ही बाजूंनी प्रयोगशाळेचे अहवाल आले. खात्याच्या नोंदीप्रमाणे 163 नमुन्यांपैकी 120 मध्ये जंतू सापडले होते. मेरीने खाजगी प्रयोगशाळेत पाठवलेले नमुने मात्र निर्दोष आले होते. न्यायालयात हे दोन दावे एकमेकांना छेद देणारे वाटले, पण जीवशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही खरे असू शकतात. जंतू अधूनमधून पडतात, नमुना पाठवताना उशीर झाला तर मरतात, आणि तपासणीची पद्धतही प्रयोगशाळेगणिक बदलते. न्यायालयाने तिला खात्याच्याच ताब्यात ठेवलं.

1910 च्या फेब्रुवारीत नव्या आरोग्य आयुक्तांनी तिला सोडलं. मुख्य अट अशी, पुन्हा स्वयंपाकाचं काम करायचं नाही. तिने ती मान्य केली. तिला धुलाईचं काम मिळालं. श्रीमंत घरातली कसबी स्वयंपाकीण जे कमवायची, त्याच्या तुलनेत ही मिळकत बरीच कमी होती. ना भरपाई, ना दुसऱ्या हुन्नराचं शिक्षण. काही काळाने ती खात्याच्या नजरेआड झाली. 1915 मध्ये मॅनहॅटनच्या स्लोन प्रसूती रुग्णालयात 25 जणांना टायफॉइड झाला, त्यात दोघांचा मृत्यू झाला. तिथल्या स्वयंपाकघरात ‘मिसेस ब्राउन’ या नावाने काम करणारी बाई मेरीच निघाली.

त्या दोन मृत्यूंची जबाबदारी तिच्यावर येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1907 साली तिला माहीत नव्हतं, 1915 साली होतं, आणि खोटं नाव तिने समजून-उमजून घेतलं होतं. त्याचबरोबर खात्याने तिची उपजीविका काढून घेतली आणि बदल्यात शब्दाखेरीज काही घेतलंदिलं नाही, ही व्यवस्था तुटणारच होती. तिला पुन्हा बेटावर नेलं गेलं आणि 11 नोव्हेंबर 1938 ला तिथेच तिचा मृत्यू झाला. दोन्ही वेळा मिळून सुमारे 26 वर्षं ती तिथे होती. गंमत म्हणून नव्हे, विचार करण्यासाठी हे सांगावंसं वाटतं: पुढच्या काळात बेटावरच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला पगारी काम मिळालं आणि दिवसभरासाठी शहरात जाऊन यायची परवानगीही मिळाली. म्हणजे ती शहरात फिरल्याने धोका नाही, हे खात्याला कळलेलं होतं. धोका स्वयंपाकघरात होता.

त्याच काळात शहराच्या यादीत इतरही अनेक वाहक होते. अल्फॉन्स कोटिल्स नावाचा बेकरी-उपाहारगृहाचा मालक मनाई असताना 1924 मध्ये पदार्थ तयार करताना सापडला. त्याची शिक्षा स्थगित झाली आणि धंदा फोनवरून सांभाळीन या आश्वासनावर तो घरी गेला. टोनी लाबेला याच्यामुळे शंभराहून जास्त लोक आजारी पडल्याचं मानलं गेलं, तरी तो जन्मठेपेसारखा कोंडला गेला नाही. मेरी परदेशातून आलेली, एकटी, घर किंवा धंदा नसलेली कामकरी बाई होती. समान धोक्याला समान वागणूक मिळाली नाही, आणि लेखी निकष नसले की असंच होतं. अधिकाऱ्याला कोण विश्वासू वाटतं यावर माणसाचं स्वातंत्र्य ठरू लागतं.

तपासणी सगळ्यांचीच का करू नये

हा प्रश्न दर साथीत विचारला जातो. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची सक्तीने तपासणी करा, वाहक वेगळे काढा, विषय संपला. आकडे मांडून पाहू. समजा दहा हजार कामगार आहेत आणि त्यांत दहा खरे वाहक आहेत. रक्तातली प्रतिपिंडं पाहणारी एखादी चाचणी शंभरातले ऐंशी वाहक पकडते आणि निरोगी लोकांपैकी पाच टक्क्यांना चुकून वाहक ठरवते, असं धरू. दहातले आठ वाहक सापडतील, दोन सुटतील. उरलेल्या 9,990 लोकांपैकी जवळपास पाचशे जण वाहक नसताना वाहक ठरतील. या पाचशेंना घरी बसवलं तर आठ जणांसाठी पाचशेंची चूल विझली. आणि सुटलेले दोघे ‘निर्दोष’ असा कागद घेऊन, हात धुण्याचा कंटाळा करत काम करत राहतील. म्हणून अशी चाचणी फार तर चाळणी म्हणून वापरायची. तिच्या एकट्या निकालावर कोणाचं काम काढायचं नाही.

खात्रीची चाचणी म्हणजे शौचाचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, तेही एकदा करून भागत नाही. मेरीच्या नमुन्यांत जंतू सापडण्याचं प्रमाण सुमारे 74 टक्के होतं. अशा वाहकाचे सलग तीन नमुने निर्दोष येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत राहते. पण एखादा वाहक दहातल्या तीनच दिवशी जंतू टाकत असेल, तर त्याचे सलग तीन नमुने निर्दोष येण्याची शक्यता 34 टक्के होते. सलग सहा घेतले तर ती 12 टक्क्यांवर येते. हा हिशेब प्रत्येक नमुना दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात जंतू पडायचे थांबले की काही दिवस किंवा आठवडे थांबतात, म्हणून एकाच आठवड्यात घेतलेले तीन नमुने तीन वेगळे पुरावे ठरत नाहीत. जुनाट वाहकाला यादीतून काढण्यासाठी कॅलिफोर्नियात महिन्या-महिन्याच्या अंतराने सलग सहा निर्दोष नमुने मागतात, त्याचं कारण हेच आहे.

नमुन्यात काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण कागदावर ‘निर्दोष’ लिहून येण्यामागे बऱ्याचदा साधी कारणं असतात. माणूस सर्दीखोकल्यासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकवर असतो आणि जंतू तात्पुरते दबलेले असतात. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचत नाही आणि कॅरी-ब्लेअरसारख्या वाहतूक माध्यमातही ठेवलेला नसतो. शौचाऐवजी गुदद्वारातून फिरवलेली काडी पाठवली जाते, तिच्यावर जंतूंचं प्रमाण कमी असतं. आणि नोकरी पणाला लागलेली असेल, तर डबीत दुसऱ्याच कोणाचा नमुना येतो. शेवटच्या गोष्टीवर पहारा हा एक उपाय आहे. नमुना दूषित निघाला तरी पगार बुडणार नाही, हा भरवसा जास्त चांगला उपाय आहे.

आज वाहक सापडला तर

आज मेरीसारखी व्यक्ती सापडली तर पहिला फरक उपचारात पडतो. जंतू औषधाला दाद देणारा असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन 750 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 28 दिवस, असा कोर्स दिला जातो. त्याने बहुसंख्य वाहक जंतुमुक्त होतात. अर्थात हे डॉक्टरांनी जंतूची औषधसंवेदना तपासूनच ठरवायचं असतं, कारण दक्षिण आशियातल्या बऱ्याच जंतूंवर हे औषध आता चालत नाही. पित्तखडे असतील तर औषध निम्म्यावर अडकतं. मग पित्ताशय काढणं आणि सोबत अँटिबायोटिक, हा मार्ग उरतो. तोही शंभर टक्के नाही, कारण यकृतातल्या पित्तनलिकांमध्येही जंतू राहू शकतात. शस्त्रक्रियेची सक्ती मात्र करता येत नाही आणि करू नये. इतरांना सुरक्षित ठेवण्याचा सौम्य मार्ग हाताशी असताना माणसाच्या शरीरावर सुरी चालवण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला असता कामा नये.

दुसरा फरक कामाच्या वर्गवारीत. इंग्लंडमध्ये टायफॉइड झालेल्या प्रत्येकाला घरी बसवत नाहीत. आधी बघतात, तो चार गटांपैकी कशात बसतो का: ज्याला स्वतःची स्वच्छता राखणं जमत नाही किंवा तशी सोय नाही, पाळणाघरात, बालवाडीत जाणारी लहान मुलं, उघडं, न शिजवता खाल्लं जाणारं अन्न हाताळणारे, आणि सहज संसर्ग होऊ शकेल अशा रुग्णांची सेवा करणारे. या गटांत बसणाऱ्यांना उपचार संपून आठवडा झाल्यावर 48 तासांच्या अंतराने तीन निर्दोष नमुने द्यावे लागतात, तोवर ते काम बंद. बाकीच्यांनी बरं वाटू लागल्यावर हात धुण्याची शिस्त पाळून कामावर जायचं. बस चालवणाऱ्याला, हिशेब लिहिणाऱ्याला, शेतात राबणाऱ्याला रोखून कोणाचाच जीव वाचत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या माणसाचंही सगळं काम जात नाही. बंद डब्यांची ने-आण, खरेदी, भांडारावरची देखरेख, हिशेब ही कामं तो करू शकतो.

हात धुण्याबद्दल दोन शब्द. शौचानंतर साबण आणि वाहत्या पाण्याने किमान वीस सेकंद, नखांच्या खालची आणि बोटांच्या मधली जागा धरून, आणि नंतर स्वतःच्या वेगळ्या किंवा कागदी टॉवेलने कोरडे. वाहकाच्या बाबतीत जवळजवळ सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी असते. पण वाहत्या पाण्याची आणि साबणाची सोय नसलेल्या जागी ‘हात धुवा’ हा सल्ला म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

सक्ती कुठवर

तरीही कोणी ऐकलंच नाही तर? सक्तीचा अधिकार सरकारला असतो, हे 1905 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जेकबसन खटल्यात मान्य केलं. देवीची लस नाकारणाऱ्या माणसाला झालेला पाच डॉलर दंड न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी कायम ठेवला. पण त्याच निकालात हेही म्हटलं आहे की हा अधिकार मनमानी किंवा जाचक पद्धतीने वापरला तर न्यायालय हस्तक्षेप करील. त्याआधी 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगच्या भीतीने चिनी वस्तीला वेढा घातला गेला, तेव्हा संघीय न्यायालयाने तो उठवला होता. वेढ्याच्या आत येणारी गोऱ्या लोकांची घरं वगळली होती, आणि एवढ्या लोकांना एकत्र कोंडल्याने प्लेग थांबण्याऐवजी पसरेल, ही दोन्ही कारणं न्यायालयाने दिली.

हक्कांवर बंधनं कधी घालता येतात हे सांगणाऱ्या 1984 च्या आंतरराष्ट्रीय सिराकुझा तत्त्वांनी हे निकष एकत्र मांडले. बंधनाला कायद्याचा आधार हवा, खरा सार्वजनिक हेतू हवा, ते गरजेपुरतं हवं, त्याहून सौम्य उपाय चालत असेल तर तोच वापरायचा, आणि भेदभाव नको. यातल्या ‘सौम्य उपाय आधी’ या कसोटीवर युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2005 मध्ये एन्होर्न खटल्यात स्वीडनला दोषी धरलं. एचआयव्ही असलेल्या माणसाला एकूण सुमारे दीड वर्ष रुग्णालयात अडकवून ठेवलं होतं. जंतू घातक आहे हे न्यायालयाने मान्य केलं. पण कमी कठोर उपाय वापरून ते अपुरे पडले, असं सरकारला दाखवता आलं नाही.

इंग्लंडमध्ये आता अशा सक्तीसाठी स्थानिक प्रशासनाला दंडाधिकाऱ्याकडे पुरावा घेऊन जावं लागतं. कोंडून ठेवायचा आदेश एका वेळी 28 दिवसांपलीकडे जात नाही. मुदत वाढवायची तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा पुरावा. आम्हाला या सगळ्यात ही मुदत सर्वांत मोलाची वाटते. संपणारा आदेश प्रशासनाला दर महिन्याला उत्तर द्यायला भाग पाडतो. न संपणारा आदेश कोणाच्याही लक्षात राहत नाही, कोंडलेल्या माणसाशिवाय.

वाट चुकली की बंधनही चुकतं

जंतूची वाट न पाहता बंधन घातलं की काय होतं, याचं ठळक उदाहरण गोव्यातलं आहे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्यांना वेगळं ठेवण्याची तरतूद होती. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा या निरोगी दिसणाऱ्या, नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाला म्हापशात 64 दिवस बंद ठेवलं गेलं. त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण अंतिम निकालात न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली: व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत टक्कर झाली तर समाजाचं हित वरचढ. हे तत्त्व ऐकायला सरळ आहे. अडचण अशी की इथे टक्करच नव्हती. एचआयव्ही स्पर्शाने, श्वासाने, एकत्र राहण्याने पसरत नाही. रक्तदान थांबवणं पुरेसं होतं. खोलीला कुलूप लावल्याने एकही संसर्ग टळला नाही, उलट तपासणीला जायला लोक घाबरू लागले, आणि तपासणी टळली की साथीला रान मोकळं मिळतं. भारताच्या 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने पुढे तपासणीसाठी संमती, गोपनीयता आणि नोकरीतल्या भेदभावाला मनाई हे सगळं स्पष्ट लिहिलं.

2014 मध्ये इबोला रुग्णांची सेवा करून अमेरिकेत परतलेल्या परिचारिका केसी हिकॉक्स यांना लक्षणं नसताना अडवलं गेलं, तेव्हा मेन राज्यातल्या न्यायाधीशाने हाच धागा पकडला. लक्षणं दिसण्याआधी इबोला पसरत नाही, म्हणून रोज प्रकृतीची नोंद द्यायची, घरात कोंडून घ्यायची गरज नाही. मेनिंगोकॉकस या मेंदुज्वराच्या जंतूचं उदाहरण आणखी टोकाचं आहे. साधारण दहा टक्के निरोगी लोकांच्या घशात तो कोणत्याही क्षणी असतो. वाहक म्हणून कोणाला कोंडायचं ठरवलं, तर दर दहा माणसांमागे एक. म्हणून तिथे उपाय वेगळा आहे: रुग्णाच्या निकटच्या लोकांना अँटिबायोटिक आणि लस.

पगार, नाव आणि यादी

बंधन पाळलं जाईल की मोडलं जाईल हे बहुतेक वेळा घरखर्चावर ठरतं. त्यामुळे वाहकाला काम बदलायला सांगणाऱ्या आदेशात काही गोष्टी लिहिलेल्याच हव्यात. नेमकं कोणतं काम बंद आणि कोणतं चालू. नमुने कधी, किती, आणि किती निर्दोष आल्यावर बंधन उठेल. तोवर पगार कोण देणार. बंधन कायमचं असेल तर नव्या कामाच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा. आदेश मान्य नसेल तर दाद कुठे मागायची आणि वकील कोण देणार. आणि हे सगळं त्या माणसाच्या भाषेत, समोर बसून समजावलं गेलं का. भरपाई महाग वाटते, पण टायफॉइडची एक साथ, रुग्णालयातल्या खाटा आणि एखादा मृत्यू यांच्यापुढे एका माणसाचा वर्षभराचा पगार ही फारच छोटी रक्कम आहे.

उरतो नावाचा प्रश्न. 1909 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने मेरी मॅलनचं खरं नाव छापलं आणि ‘टायफॉइड मेरी’ ही शिवी जगभर गेली. त्यानंतर स्वतःच्या नावाने स्वयंपाकाचंच काय, कसलंही घरकाम मिळणं तिला कठीण होतं. वाहकांची यादी ठेवावीच लागते, नाहीतर माणूस शहर बदलतो आणि माग हरवतो. पण ती यादी आरोग्यखात्याच्या दोन-तीन जबाबदार व्यक्तींपलीकडे जाता कामा नये. मालकाला ‘हा कामगार अमुक तारखेपर्यंत अन्न हाताळणार नाही’ एवढंच कळवलं तरी भागतं, आजार कोणता ते सांगायची गरज नसते. शेजाऱ्यांना, शाळेला, वार्ताहरांना काहीच कळवायचं नसतं. सलग ठरलेले नमुने निर्दोष आले की नाव त्याच दिवशी यादीतून काढून, काढल्याचं पत्र त्या व्यक्तीच्या हातात द्यायचं.